एका पगारातली सुट्टी



वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की मुले उड्या मारीत घरी येतात. ज्या घरात आई आणि वडील दोघेही आहेत, तिथे त्याच संध्याकाळी गावाला कधी जायचे, रजा कोणी काढायची, याची बोलणी सुरू होतात. परंतु आपल्या धर्मग्रामात अशीही घरे आहेत जिथे हा सारा विचार एकाच माणसाला करावा लागतो. मी पहिल्या शिफ्टला गेल्यावर मुले कोणाजवळ राहतील? शाळेत मिळणारे दुपारचे जेवण बंद झाले, आता सकाळी साडेपाचला निघण्यापूर्वी तेही करून ठेवायचे का? शेजारची मुले महाबळेश्वरला निघाली, माझ्या मुलांना मी काय सांगू? आणि एक दिवस कामाला दांडी मारली तर त्या दिवसाची हजेरी कापली जाणार, त्याचे काय?

कोणाचा जोडीदार देवाघरी गेला आहे. कोणी टाकून दिलेली आहे. कोणी कोर्टातून वेगळे झाले आहे. कोणाचा नवरा आखातात आहे, तर कोणाचा घरात असूनही दारूमुळे नसल्यासारखाच आहे. काही घरांत बायकोच्या मागे मुलांचे सर्व काही वडील एकटे करतात. या सर्वांसाठी हल्ली ‘एकल पालक’ हा शब्द वापरला जातो. आजचा पाठ त्यांच्यासाठी आहे आणि त्यांच्या शेजारी राहणाऱ्या आपणा सर्वांसाठीही आहे.

या पाठात एकच गोष्ट सांगायची आहे. सुट्टीसाठी थोडा पैसा लागतो हे खरे. पण मुलाला सुट्टीत सर्वांत जास्त हवा असतो तो घाईत नसलेला पालक. आणि एकट्या पालकाची घाई कमी व्हायची असेल, तर त्याला दुसऱ्या माणसांची साथ मिळाली पाहिजे.

१. सुट्टी म्हणजे काय?

आपल्या मराठीत ‘सुट्टी’ हा शब्द ‘सुटणे’ याच्याशी जोडलेला आहे. गाईचे दावे सुटते, तसे मूल सुट्टीत वेळापत्रकातून सुटते. गंमत अशी की इंग्रजीतील ‘स्कूल’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्या ‘स्खोले’ शब्दाचा मूळ अर्थ ‘फुरसत’ असा आहे. ज्याला पोटाच्या धावपळीतून थोडा वेळ मोकळा मिळतो, तोच विचार करू शकतो, शिकू शकतो, असे प्राचीन ग्रीक लोक मानीत. आपण काम करतो ते फुरसत मिळावी म्हणून, असे तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल सांगतो. आज आपण ते उलटे धरून बसलो आहोत. सोमवारी पुन्हा कामाला उभे राहता यावे एवढ्याचसाठी रविवारी विश्रांती घ्यायची, असे आपल्याला वाटते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या मोठ्या ग्रंथात खेळ आणि करमणूक यांच्यावर विचार केला आहे. तिथे त्यांनी संत योहानाविषयी परंपरेने चालत आलेली एक गोष्ट दिली आहे. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असलेला पाहून काही लोकांना ते खटकले. त्यांच्यापैकी एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण मारायला सांगितले. त्याने मारला, पुन्हा मारला. तेव्हा योहानाने विचारले, “तू असे न थांबता करीत राहू शकशील का?” तो म्हणाला, “मग धनुष्य मोडेल.” योहान म्हणाला की माणसाच्या मनाचेही तसेच आहे, ते सतत ताणून धरले तर मोडते. संत थॉमस यांच्या मते योग्य प्रमाणात खेळ आणि हास्यविनोद करता येणे हासुद्धा एक सद्गुणच आहे.

ही गोष्ट मुलांपेक्षा पालकांना जास्त लागू पडते. आठ तास लाइनवर उभे राहायचे, येता-जाता कंपनीच्या बसमध्ये दोन तास घालवायचे, त्यानंतर स्वयंपाक, धुणे, अभ्यास, आणि सर्वांत शेवटी झोप. ही दोरी वर्षभर ताणलेली असते. म्हणून मुलांची सुट्टी ही आपल्यावर पडलेली आणखी एक ड्यूटी असे न समजता, आपलीही दोरी थोडी सैल करण्याची संधी असे समजावे. हसणे विसरलेल्या पालकाबरोबर मूल वॉटर पार्कमध्येही रमत नाही.

२. मुलांना खरे सांगा

एकल पालकांच्या मनात एक बोचणी असते: ‘माझ्या मुलांना आधीच एक जण कमी आहे, निदान वस्तू तरी कमी पडू नयेत.’ मग हप्त्यावर मोबाईल घेतला जातो, सहलीसाठी उसने पैसे काढले जातात, हल्ली तर मोबाईलवरूनच पाच मिनिटांत कर्ज मिळते. सुट्टी जूनमध्ये संपते, पण हप्ते दिवाळीपर्यंत चालतात. आणि जूनमध्ये तर वह्या, गणवेश, रेनकोट, रिक्षाचे पैसे हे सर्व एकदम समोर येते. सुट्टीसाठी कर्ज काढू नये, हा नियम प्रत्येक घराने पाळावा. एकाच पगाराच्या घराने तर नक्कीच पाळावा.

त्याऐवजी मुलांना जवळ बसवून खरी रक्कम सांगा. आठ वर्षांच्या मुलाला हिशेब कळतो. “आपल्याजवळ सुट्टीसाठी बाराशे रुपये आहेत. त्यात काय काय करायचे ते आपण तिघांनी ठरवायचे.” असे सांगितले की मूल मागणारे न राहता ठरवणारे बनते. ‘पैसे नाहीत’ हे वाक्य मुलांना घाबरवते. ‘एवढे आहेत’ हे वाक्य त्यांना विचार करायला लावते.

बाराशे ही रक्कम मी सहज घेतलेली नाही. जानेवारीच्या पहिल्या तारखेपासून एप्रिलच्या अखेरपर्यंत साधारण १२० दिवस होतात. रोज दहा रुपये एका डब्यात टाकले तर मे महिन्याच्या सुरुवातीला १,२०० रुपये जमतात. त्यातून तीनशे-तीनशेच्या चार सहली निघतात. ज्यांना यंदा हे जमले नाही त्यांनी जूनपासून दिवाळीच्या सुट्टीसाठी डबा सुरू करावा. डबा मुलांच्या हाती द्यावा आणि मोजायचे कामही त्यांनाच द्यावे.

३. आधी दिवसाची सोय, मग सहलीचा विचार

सहल चार दिवसांची असते, सुट्टी मात्र चाळीस दिवसांची. म्हणून खरा प्रश्न उरलेल्या छत्तीस दिवसांचा आहे. बाहेरून कडी लावून, मोबाईल हातात देऊन मुलांना नऊ-दहा तास खोलीत ठेवणे काही घरांत नाइलाजाने घडते. त्यात गॅस, वीज, आग यांचा धोका आहेच, शिवाय त्या एकटेपणाचाही मुलांवर परिणाम होतो. यावर उपाय काय?

पहिला उपाय, शिफ्टची अदलाबदल. समजा एक माता पहिल्या शिफ्टला जाते आणि दुसरी दुसऱ्या शिफ्टला. सकाळी दोघींची मुले दुसरीच्या घरी थांबतील, दुपारनंतर पहिलीच्या घरी. डबा ज्याचा त्याने द्यायचा. एक रुपयाही खर्च होत नाही, उलट मुलांना खेळायला सोबती मिळतात. शिफ्ट आठवड्याला बदलत असेल तर रविवारीच पुढच्या आठवड्याचा तक्ता कागदावर लिहून दोन्ही घरांत लावावा. दोघांची शिफ्ट एकच येत असेल तर तिसरे कुटुंब जोडून घ्यावे. रात्रपाळी करून आलेल्या व्यक्तीला मात्र सकाळी झोपू द्यावे, तिच्याकडे मुले सोपवू नयेत.

अशी सोय करताना सावधगिरीही हवी. जे घर आपण आतून पाहिलेले आहे, जिथली सर्व माणसे आपल्याला माहीत आहेत, तिथेच मुलांना ठेवावे. रोज संध्याकाळी “आज काय काय झाले?” असे सहज विचारावे आणि मुलाने “मला तिथे जायचे नाही” असे सांगितले तर ते हट्ट म्हणून उडवून लावू नये. संकटातील मुलांसाठी १०९८ हा मोफत क्रमांक आहे. तो मुलांनाही पाठ असावा.

दुसरा उपाय, गाव. आपल्यापैकी पुष्कळांची मुळे अहिल्यानगर जिल्ह्यात, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, नेवासे या भागांत आहेत. काहींची जालना व छत्रपती संभाजीनगरकडे आहेत. मामाचे गाव ही आपल्या मराठी मुलांची सर्वांत जुनी सुट्टी आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या बसमध्ये सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धे तिकीट आहे. म्हणजे आई आणि दोन लहान मुले मिळून दीड तिकिटात गावी पोहोचतात. परंतु मुले महिनाभर आजीकडे ठेवायची असतील तर आजीच्या संसारावरही भार पडतो, हे विसरू नये. जाताना किराण्याची एक पिशवी, आजोबांच्या औषधाचे पैसे, एवढे तरी द्यावे. रोज ठरलेल्या वेळी फोन करावा. काही मुलांना, विशेषतः ज्यांनी आईवडिलांपैकी एकाला नुकतेच गमावले आहे त्यांना, दुसऱ्यापासून दूर राहण्याची भीती वाटते. अशा मुलांना पहिल्या वर्षी चार दिवसांवर ठेवू नये.

तिसरी गोष्ट अगदी लहान मुलांसंबंधी. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करण्याचे बंधन २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही सहा वर्षांखालील मुलांसाठी ही तरतूद ठेवलेली आहे. आपल्या कंपनीत अशी सोय आहे का, हे विचारायला संकोच करू नये. एकटीने विचारण्यापेक्षा चौघींनी मिळून विचारावे.

एकटीने आणि चौघींनी यांत किती फरक पडतो, हे पंडिता रमाबाईंच्या जीवनातून दिसते. १८८२ साली त्यांचे पती वारले तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. आईवडील, भाऊ आधीच गेले होते. मुलीला घेऊन त्या त्याच वर्षी पुण्यात आल्या. पुढे इंग्लंड, अमेरिका असा प्रवास करून त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढच्या वर्षी पुण्याला आणले आणि नंतर आपल्याच पुणे जिल्ह्यात केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. ज्यांना कोणी नाही अशा अनेक स्त्रिया आणि मुले तिथे एकत्र राहू लागली. मनोरमा त्याच गोतावळ्यात वावरली आणि मोठी झाल्यावर आईच्या कामात तिची सहकारी झाली. एकट्या मातेने अनेक एकट्यांचे मिळून एक घर केले. आपल्याला एवढे मोठे काम करायचे नाही. आपल्याला दोन शिफ्टच्या दोन घरांमधले दार उघडायचे आहे.

४. जवळच असलेली विहीर

उत्पत्तीच्या पुस्तकात हागारेची गोष्ट आहे. घराबाहेर काढलेली ही माता लहान मुलाला घेऊन रानात भटकते. मसकातले पाणी संपते, तेव्हा ती मुलाला झुडपाखाली ठेवते आणि दूर जाऊन रडत बसते. देव मुलाचा आवाज ऐकतो आणि हागारेचे डोळे उघडतो. तेव्हा तिला तिथली विहीर दिसते. दुःखाने आणि थकव्याने जवळचे पाणी दिसेनासे होते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे. आपल्या या औद्योगिक पट्ट्यातही अशा पुष्कळ विहिरी आहेत. कंपनीच्या बसच्या खिडकीतून आपण त्या रोज पाहतो, पण मुलांना घेऊन तिथे उतरत नाही.

चाकणचा संग्रामदुर्ग. चाकण म्हटले की आपल्याला मोटारींचे कारखाने आठवतात. पण १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेसमोर फिरंगोजी नरसाळा यांनी हा लहानसा भुईकोट किल्ला सुमारे दोन महिने लढवला. आज थोडीच तटबंदी उरली आहे. चाकणला राहणाऱ्या मुलांनी तरी ती पाहिलेली असावी. येथून नाशिक रस्त्याने पुढे गेले की जुन्नरचा शिवनेरी येतो. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत शिवनेरी आहे आणि आपल्या लोणावळ्याच्या बाजूचा लोहगडही आहे. शिवनेरीवर बाल शिवबाला सांभाळणाऱ्या जिजाऊंनीही मुलाच्या संगोपनाचा मोठा काळ पती दूर असताना काढला, हे मुलांना तिथेच सांगता येईल.

भाजे लेणी. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी किंवा देहूरोडहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरावे. तिकीट साधारण एका वडापावच्या किमतीचे. पाच वर्षांखालील मुलांना मोफत आणि बारा वर्षांपर्यंत अर्धे. तिथून पायी लेण्यांकडे जाता येते. डोंगरात कोरलेली बावीस लेणी आहेत आणि ती दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, म्हणजे तिकीट फक्त मोठ्या माणसाचे. दुपारच्या वेळी लोकलच्या फेऱ्या कमी असतात. परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. मे महिन्यात सकाळची पहिली लोकल पकडून ऊन चढण्यापूर्वी खाली उतरावे.

घोरावडेश्वर, देहू आणि भंडारा डोंगर. घोरावडेश्वरची लेणी जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत शेलारवाडीजवळ आहेत. देहू हे संत तुकोबारायांचे गाव. भंडारा डोंगरावर आणि चाकणकडच्या भामचंद्र डोंगरावर ते चिंतनाला बसत. आपण ज्या भाषेत प्रार्थना करतो त्या मराठीला ज्यांनी एवढे वैभव दिले, त्यांचे गाव आपल्या मुलांनी जरूर पाहावे.

चिंचवड आणि निगडी. चिंचवडला ऑटो क्लस्टरसमोर महापालिकेचे सायन्स पार्क आहे. तिथे उपकरणे हाताळून बघता येतात आणि दुपारच्या उन्हातही जाता येते. तिथले तारांगणही पाहण्यासारखे आहे. चिंचवड गावात क्रांतिवीर चापेकर बंधूंचा वाडा आहे. निगडीच्या दुर्गा टेकडीवर पहाटे चढून जावे आणि बरोबर नेलेला चहा व बटर वर बसून खावे.

मेट्रोची फेरी. पिंपरीहून फुगेवाडीपर्यंत मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून ती जमिनीखालून थेट स्वारगेटपर्यंत जाते. लहान मुलांना तो बोगदाच एक सहल वाटतो. कसबा पेठ स्थानकावर उतरले की शनिवारवाडा पायी जाण्याच्या अंतरावर आहे. शनिवार-रविवारी तिकिटात सवलत असते. बसने हिंडायचे असेल तर पीएमपीचा दैनिक पास आहे. जून २०२५ च्या भाडेवाढीनंतर दोन्ही महापालिकांच्या हद्दीसाठी तो ७० रुपयांना मिळतो. दोनच फेऱ्या करायच्या असतील तर साधे तिकीट स्वस्त पडते, पण दिवसभर हिंडायचे असेल तर पास घ्यावा.

येथे एक कळकळीची सूचना. एकट्या पालकाला दोनच हात असतात. दोन-तीन मुलांना घेऊन एकट्याने नदी, धरण किंवा धबधब्याच्या पाण्यात उतरू नये. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळून चार जणांचे प्राण गेले. पाणी पाहायचे असेल तर काठावरून, पावसाळ्यापूर्वी, आणि दुसरे मोठे माणूस बरोबर घेऊन पाहावे.

आणखी एक सहल फुकटची आहे. एकदा मुलांना आपल्या कंपनीच्या गेटपर्यंत घेऊन जा. आत नेता येणार नाही, पण बाहेर उभे राहून सांगा, “मी इथे असते. गाडीच्या आतल्या वायरी जोडते. ही जी गाडी रस्त्याने चालली आहे ना, तसल्या गाडीत मी जोडलेली वायर असते.” आपली आई किंवा आपले वडील रोज कुठे जातात, दमून का येतात, हे बहुतेक मुलांना ठाऊकच नसते. ते कळले की मुलांच्या मनात पालकाविषयी आदर निर्माण होतो, आणि हट्टही थोडा कमी होतो.

५. घरातली सुट्टी

संध्याकाळी कामावरून आल्यावर अर्धा तास मुलांसाठी वेगळा काढावा. त्या अर्ध्या तासात मोबाईल नाही, अभ्यासाची चौकशी नाही, रागावणे नाही. पत्त्यांचा एक जोड वर्षभर पुरतो. बदाम सात, झब्बू, भिकार-सावकार, पाच-तीन-दोन हे खेळ आपल्याला येतात, ते मुलांना शिकवावेत. सागरगोटे, काचापाणी, लगोरी, विटीदांडू यांना पैसे लागत नाहीत.

उन्हाळ्याची कामे हासुद्धा खेळ होऊ शकतो. कुरडयांचा चीक खायला, पापड वाळत घालायला, कैरीच्या फोडी करायला मुलांना घ्यावे. मुलगे आणि मुली दोघांनाही घ्यावे. ज्या घरी वडील एकटे आहेत तिथे तर एक दिवस स्वयंपाकाचा करावा. पोळ्या नकाशासारख्या झाल्या तरी सर्वांनी हसत खाव्यात. दिवाळीच्या सुट्टीत माती, दगड आणि पोती घेऊन किल्ला करावा. उन्हाळ्यात पाहिलेला संग्रामदुर्ग किंवा शिवनेरी त्यात आठवून बांधता येईल. नाताळच्या सुट्टीत जुन्या कागदाचा आणि कामट्यांचा आकाशकंदील व गोठा घरीच बनवावा.

वाचनासाठी बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आहे. ते १९७१ पासून निघते, किंमत माफक असते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. मोबाईल हातात येणारच असेल तर त्यातून रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून घ्यावी. पोळ्या लाटता लाटताही ती ऐकता येते.

६. दोन घरांत वाटलेली सुट्टी

जे जोडीदार वेगळे झाले आहेत त्यांच्या मुलांची सुट्टी बऱ्याच वेळा अर्धी इकडे, अर्धी तिकडे अशी वाटलेली असते. हा विषय नाजूक आहे, परंतु टाळता येत नाही. मूल तिकडून महागडा मोबाईल किंवा सायकल घेऊन येते आणि वर्षभर डबा करणाऱ्या पालकाचे मन दुखावते. अशा वेळी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, मुलाला आनंदाने पाठवावे. रडून निरोप दिला तर तिकडे हसणेसुद्धा त्याला अपराध वाटू लागतो. दुसरी, परत आल्यावर त्याची उलटतपासणी करू नये. ‘तिकडे कोण कोण होते? माझ्याबद्दल काय म्हणाले?’ या प्रश्नांनी मूल निरोप्या बनते. तिसरी, भेटवस्तूंची स्पर्धा करू नये. जो पालक आजारपणात रात्रभर उशाशी बसतो, त्याला सायकलशी स्पर्धा करायची गरज नाही. मोठे झाल्यावर मुलांना हा फरक आपोआप कळतो. मुले तिकडे असतील ते दिवस साफसफाईत आणि ओव्हरटाईममध्ये पूर्ण घालवू नयेत. त्यातला एक दिवस तरी झोप, मैत्रीण, बहीण किंवा भाऊ यांच्यासाठी ठेवावा. दोरी सैल करायची ती हीच वेळ.

७. हक्काची मदत

एकल पालकांच्या मुलांसाठी राज्य शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील वारले आहेत, घटस्फोट झाला आहे किंवा एका पालकाने सोडून दिले आहे, अशा पात्र मुलांना अठरा वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात. २०२३ मध्ये ही रक्कम वाढवण्यात आली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा असतो. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून कागदपत्रे सुट्टीतच गोळा करावीत: मुलाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, आणि मृत्यूचा दाखला किंवा वेगळे झाल्याचे कागद. ही भीक नव्हे. या मदतीवर मुलाचा हक्क आहे. फॉर्म भरण्यात अडचण येत असेल तर रविवारच्या मिस्सानंतर कार्यालयात भेटावे. आपल्यातील लिहिते-वाचते तरुण मदत करतील.

८. धर्मग्रामाचे काम

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘आमोरिस लेतीत्सिया’ या कुटुंबविषयक पत्रात एकल पालकांच्या कुटुंबांचा वेगळा विचार केला आहे. कारण काहीही असो, अशा पालकांना इतर कुटुंबांचा आणि धर्मग्रामाचा आधार मिळाला पाहिजे, असे ते सांगतात. ‘कारण काहीही असो’ यावर आपण सर्वांनी विचार करावा. नवरा का सोडून गेला, चूक कोणाची, याची चर्चा करायला आपल्याला वेळ असतो. पण तिच्या मुलाला आपल्या मुलाबरोबर बागेत न्यायला वेळ नसतो.

जी कुटुंबे गाडीने सहलीला निघतात त्यांनी मागच्या सीटवर एक जागा शेजारच्या मुलासाठी ठेवावी. उपकार केल्यासारखे बोलू नये. “आमच्या राजूला सोबत हवी आहे” असे म्हणावे. निवृत्त झालेल्या शिक्षकांनी, परिचारिकांनी आणि कामगारांनी आठवड्यातून दोन तास मुलांसाठी द्यावेत. कोणी शिवण, कोणी गिटार, कोणी सायकलचे पंक्चर काढणे शिकवावे. ज्या मुलाला वडील नाहीत त्याला पंक्चर काढायला शिकवणारा काका हवा असतो. आणि ज्या मुलीला आई नाही तिला मनातले बोलायला एखादी मावशी हवी असते. लघु ख्रिस्ती समूहाच्या प्रमुखांनी आपापल्या विभागात शिफ्टची अदलाबदल करू शकणारी घरे कोणती, हे या आठवड्यात पाहावे आणि त्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी.

एकल पालकांनाही एक विनंती. मदत मागायला लाजू नका. मदत घेतल्याने मुलांपुढे आपण कमी ठरत नाही. माणसे एकमेकांना धरून राहतात, हे ती त्यातूनच शिकतात.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. या सुट्टीत आपल्याजवळ किती रुपये आहेत आणि किती मोकळे दिवस आहेत? मुलांबरोबर बसून एका कागदावर लिहा.
२. मुलांना विचारा: मागच्या सुट्टीतील कोणता दिवस सर्वांत जास्त आवडला? त्या दिवशी खर्च किती झाला होता?
३. आपल्या घरापासून एका तासात पोहोचता येईल असे कोणते ठिकाण आपण अजून एकदाही पाहिलेले नाही?
४. आपल्या इमारतीत किंवा चाळीत मुलांना एकट्याने वाढवणारे कोण आहे? या आठवड्यात आपण त्यांच्यासाठी कोणते दोन तास देऊ शकतो?

तुम्हा सर्वांना, आणि विशेषतः एकट्याने घर ओढणाऱ्या माता-पित्यांना, ही सुट्टी सुखाची आणि विश्रांतीची जावो.

आपला,
धर्मगुरू